झऱ्यातले बुडबुडे काय सांगतात?

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही नावं मुंबईच्या उपनगरांत कुणाला ठाऊक नाहीत? बोरिवली-अंधेरीकडची माणसं वसईला किंवा विरारला गाडीतून उतरतात आणि पुढे एस. टी. धरतात. मुलुंड-घाटकोपरची मंडळी ठाणे-भिवंडी करून जातात. देवीचं दर्शन घ्यायचं, गरम पाण्याच्या कुंडात अंग शेकायचं आणि दिवे लागायच्या सुमारास घरी यायचं. एका दिवसाचा प्रवास.

परत आल्यावर जो तो सांगतो, "काय ते पाणी! चूल नाही, लाकूड नाही, आणि खालून सारखी उकळी फुटतेय!"

पाणी गरम असतं हे खरं. पण ती उकळी असते का? आणि उकळी नसेल तर ते बुडबुडे कसले? आज आपण याच गोष्टीचा विचार करू. बुडबुडा दिसतो एवढासा, पण जमिनीच्या पोटात पाण्याचं काय झालं हे तो आपल्याला सांगतो. झरा पुढे टिकेल की आटेल, याचीही थोडी कल्पना त्याच्यावरून येते.

उकळी नव्हे, वायू

आपल्या घरी पातेल्यातलं पाणी उकळतं तेव्हा ते सुमारे १०० अंश सेंटिग्रेड तापलेलं असतं. त्यात हात घातला तर हात भाजून निघेल. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांतलं पाणी साधारण ५० अंशांच्या आसपास असतं. कुठे थोडं कमी, कुठे थोडं जास्त. त्यात माणसं अंघोळ करतात. उकळत्या पाण्यात कुणी अंघोळ करील का?

म्हणजे ही उकळी नव्हे. पाण्याबरोबर जमिनीतून वायू वर येतो, त्याचे हे बुडबुडे.

हा वायू शास्त्रज्ञ कसा पकडतात? रीत अगदी सोपी आहे. एक बाटली पाण्याने काठोकाठ भरायची. पाण्याखालीच ती उलटी धरायची आणि तिचं तोंड बुडबुड्यांवर न्यायचं. बुडबुडे बाटलीत शिरतात, पाणी खाली सरकतं आणि बाटलीत वायू साठतो. पाण्याखालीच घट्ट बूच बसवलं की बाहेरची हवा आत शिरत नाही. मग ती बाटली प्रयोगशाळेत नेऊन वायूची परीक्षा करतात.

हे पाणी आलं कुठून?

गावात एक कथा सांगतात. देवीने राक्षस मारले, त्यांच्या रक्ताची ही ऊन कुंडं झाली. कथा श्रद्धेने ऐकावी. पण पाणी कुठून आलं हे शास्त्रज्ञांनी पाण्यालाच विचारलं आहे. पाण्यात काही कण जरा जड असतात, काही हलके असतात. पावसाच्या पाण्यात त्यांचं जे प्रमाण असतं, त्याला मिळतंजुळतं प्रमाण या झऱ्यांच्या पाण्यात सापडलं. म्हणजे हे पाणी मुळात आभाळातूनच पडलेलं आहे.

आपल्याकडे पाऊस थोडाथोडका पडत नाही. तानसेच्या खोऱ्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. त्यातला बराचसा नदीने समुद्राकडे वाहून जातो. थोडा डोंगरात मुरतो.

मुरतो म्हणजे काय? अंधेरीचा गिल्बर्ट हिल आठवा. तो उभा काळा कातळ कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तानसेच्या खोऱ्यातही असाच काळा पाषाण पसरला आहे. अखंड कातळातून पाणी झिरपत नाही. म्हणून तर बोरिवलीजवळ कान्हेरीच्या भिक्षूंनी खडकात टाक्या खोदल्या आणि पावसाचं पाणी साठवलं. पण जिथे कातळाला भेगा असतात, तिथे पाण्याला वाट मिळते. कोकणात अशा लांबच लांब आणि खोल भेगा आहेत. पाणी त्यांतून वर्षानुवर्षं खाली खाली जात राहतं.

जमिनीत जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढते. साधारणपणे एक किलोमीटर खाली गेलं की २५ ते ३० अंश वाढतात. दोन किलोमीटर आणि त्याहूनही खोल गेलेलं पाणी चांगलंच तापतं. तापलेलं पाणी हलकं होतं, दुसऱ्या भेगेने वर चढतं आणि झरा होऊन बाहेर पडतं. इथे जिवंत ज्वालामुखी नाही. तो जुना लाव्हा केव्हाच थंड झाला. ही उष्णता पृथ्वीच्या पोटातली आहे.

असे झरे पालघर जिल्ह्यापासून राजापुरापर्यंत कोकणात ठिकठिकाणी आहेत. पालीचं उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यातलं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे ही गावांची नावं बघा. ऊन पाणी म्हणजे गरम पाणी. पाण्यावरूनच गावांना नावं पडली. उन्हवऱ्याचं पाणी तर सुमारे ७० अंश गरम असतं.

पावसाबरोबर हवाही जाते

आता बुडबुड्यांकडे येऊ. त्यासाठी घरी एक प्रयोग करा. काचेच्या स्वच्छ पेल्यात नळाचं थंड पाणी घ्या आणि पेला उन्हात ठेवा. थोड्या वेळाने पेल्याच्या आतल्या बाजूला बारीक बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील. हे कुठून आले? पाण्यात हवा विरघळलेली होती. पाणी कोमट झालं तशी ती बाहेर पडली.

साखर पाण्यात विरघळते तशीच हवाही विरघळते. एक लिटर पावसाच्या पाण्यात साधारण तीन-चार चमच्यांच्या मापाची हवा मावते. पवईच्या तलावातले मासे याच हवेवर जगतात.

या हवेत मुख्य वायू दोन. एक नत्रवायू, म्हणजे नायट्रोजन. दुसरा प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन. शिवाय अरगॉन नावाचा एक वायू थोडा असतो, आणि कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, अगदी थोडा असतो.

पाऊस जमिनीत मुरला की ही चौकडी त्याच्याबरोबर निघते. पण वाटेत एकेकाची गत वेगळी होते.

प्राणवायू लवकर संपतो. मातीतली मुळं आणि बारीक जंतू त्याचा श्वास घेतात. उरलेला खडकातल्या लोखंडाला लागतो. आपल्या खिडकीच्या गजांना गंज चढतो ना? तसाच गंज खडकालाही चढतो, आणि गंज चढताना प्राणवायू खर्ची पडतो.

कर्बवायू मातीत शिरताना उलट वाढतो, कारण मुळं आणि जंतू तो बाहेर टाकतात. पुढे मात्र तो खडकाशी झगडतो आणि बराचसा चुन्यासारख्या खड्यांत बांधला जातो.

नत्रवायू आणि अरगॉन हे दोघे कुणाच्या फारसे अध्यातमध्यात नसतात. ते पाण्याबरोबर खाली जातात आणि पाण्याबरोबरच वर येतात. खाली पाण्यावर मोठा दाब असतो, म्हणून ते विरघळलेले राहतात. पाणी वर आलं की दाब कमी होतो. सोड्याची बाटली फोडली की जसा फेस उसळतो, तसे ते बुडबुडे होऊन सुटतात.

कोकणातल्या ऊन झऱ्यांच्या बुडबुड्यांत सर्वांत जास्त सापडतो तो नत्रवायूच. पवईच्या आय. आय. टी. मधले भूशास्त्रज्ञ डॉ. डी. चंद्रशेखरम् आणि इटलीचे शास्त्रज्ञ यांनी मिळून इथल्या झऱ्यांच्या पाण्याचा आणि वायूंचा अभ्यास केला. २००० साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनाही हेच दिसलं. आपण ज्याला उकळी म्हणतो, ती बहुतेक करून जुन्या पावसाने खाली नेलेली हवा आहे. फक्त तिच्यातला प्राणवायू वाटेत संपलेला असतो.

जरा थांबा, ही जिवाची गोष्ट आहे

प्राणवायू संपलेली हवा डोळ्यांना साध्या हवेसारखीच दिसते. उघड्या कुंडावर तिचा त्रास होत नाही, कारण वारा तिला पांगवतो. पण बंद जागेत काय होईल?

जुनी झाकलेली विहीर, मैल्याची टाकी, रस्त्याखालचं गटार, चाळीची बंद टाकी, इथेही तेच घडतं. जंतू प्राणवायू खाऊन टाकतात. कर्बवायू जड असतो, तो तळाशी बसतो. कुजक्या घाणीतून गंधकाचा विषारी वायू सुटतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण तो फार असला की नाकच बधिर होतं आणि वास कळेनासा होतो. आत उतरलेला माणूस काही श्वासांतच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो.

म्हणून अशा ठिकाणी उतरू नका आणि कुणाला उतरू देऊ नका. वास येत नाही म्हणजे आत ठीक आहे, असं समजू नका. गटारात काडी ओढून बघू नका, तिथे पेट घेणारा वायूही असतो. कुणी आत पडला तर त्याच्यामागे उडी न टाकता १०१ वर फोन करून अग्निशामक दलाला बोलवा. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मुकादम म्हणाला तरी नाही म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.

खडक आपली भर घालतो

आता पुन्हा झऱ्याकडे येऊ. पाणी खडकात राहतं तेव्हा खडकही त्यात आपले वायू घालतो.

त्यातला एक हेलियम. हातातून सुटून वर जाणाऱ्या काही फुग्यांत हा वायू भरलेला असतो. काळ्या पाषाणाच्याही खाली जुने खडक आहेत. त्यांत युरेनियम, थोरियम अशी द्रव्यं अगदी थोडी असतात. ती हळूहळू झिजतात आणि झिजताना हेलियम तयार होतो. हे काम अतिशय संथ. म्हणून पाणी जितकी जास्त वर्षं खाली मुक्काम करील, तितका त्यात हेलियम जास्त साठतो. बंगालमधल्या बक्रेश्वरच्या ऊन झऱ्यांतही हेलियम सापडतो.

दुसरा गंधकाचा वायू. काही झऱ्यांना थोडा सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच.

म्हणजे बुडबुड्यात दोन घराण्यांचे वायू असतात. एक आभाळाचं घराणं : नत्रवायू आणि अरगॉन. दुसरं पाताळाचं घराणं : हेलियम, गंधकाचा वायू आणि खोलातून येणारा कर्बवायू. कोण किती आहे, यावरून पाण्याची हकीकत कळते.

नवं पाणी आलं की काय होतं?

कोकमाचं सरबत पेल्यात केलं आणि वरून पाणी ओतलं तर काय होईल? सरबत पातळ होईल. झऱ्याचंही तसंच आहे. पावसाचं नवं पाणी भरपूर मुरलं की पाताळाचे वायू पातळ होतात आणि आभाळाच्या वायूंचा वाटा वाढतो. नवं पाणी कमी आलं, जुनंच पाणी खाली पडून राहिलं, की हेलियमसारख्या वायूंचा वाटा वाढत जातो.

बुडबुड्यात प्राणवायूच सापडला तर? मग शास्त्रज्ञ सावध होतात. एक तर बाटली भरताना हवा शिरली असेल. नाही तर वरच्या थरातलं ताजं थंड पाणी वाटेत ऊन पाण्यात मिसळलं असेल. तसं असेल तर झऱ्याची उष्णताही थोडी उतरलेली असते.

वैद्य जशी नाडी बघतो, तसे शास्त्रज्ञ बुडबुडे बघतात. पाणी नवं की जुनं, खोलातलं की वरचं, आत भरणा होतो की नाही, हे त्यांना त्यातून कळतं.

चूल पेटलेली, पातेलं कोरडं

आत भरणा झाला नाही तर काय होतं? हे जगाने एके ठिकाणी चांगलंच अनुभवलं आहे.

इटलीत लार्दरेल्लो नावाचं गाव आहे. तिथे जमिनीतून वाफ निघते. १९०४ साली तिथे त्या वाफेच्या जोरावर विजेचे पाच दिवे पेटवले. १९१३ साली तिथे वीजघर सुरू झालं. कोळसा नाही, लाकूड नाही, जमिनीचीच वाफ!

मग अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात 'द गीझर्स' या ठिकाणी १९६० पासून अशीच वीज होऊ लागली. विहिरीमागून विहिरी खणल्या. वाफ खूप काढली, पण पाणी परत आत थोडंच गेलं. पावसाचं पाणी मुरत होतं, ते पुरेना. १९८७ च्या सुमारास वीज सर्वांत जास्त झाली आणि नंतर वाफेचा जोर उतरत गेला. खालचा खडक तसाच तापलेला होता. पाणीच संपत आलं होतं. चूल पेटलेली, पण पातेलं कोरडं.

आणखी एक अडचण आली. वाफ थंड केली की तिचं पाणी होतं. पण कर्बवायू आणि गंधकाचा वायू यांचं पाणी होत नाही. पाणी कमी पडलं तिथे वाफेत या वायूंचा वाटा वाढला. ते यंत्राला जड जातात, वास मारतात आणि त्यांचा बंदोबस्त करायला पैसा लागतो.

मग उपाय काय केला? जवळच्या गावांचं सांडपाणी शुद्ध करून नळाने तिथे आणलं आणि जमिनीत सोडलं. हे १९९७ साली सुरू झालं. २००३ पासून सांता रोसा शहराचंही पाणी सुमारे ६५ किलोमीटरवरून येऊ लागलं, रोज सुमारे ४ कोटी लिटर. ते पाणी तापलेल्या खडकावर पडून वाफ झालं. या नव्या वाफेत त्रासाचे वायू थोडेच होते. वाफेचा जोर सावरला आणि तिच्यातला वायूंचा वाटा उतरला. लार्दरेल्लोलाही पाणी परत सोडल्यावर असाच गुण आला.

मात्र पाणी परत सोडणं हेही बेताने करावं लागतं. एकाच जागी फार थंड पाणी ओतलं तर खडकच निवतो. म्हणून तिथे बुडबुड्यांची, वाफेची आणि वायूची नाडी सतत बघत राहतात.

आपल्या हातात काय आहे?

आपले झरे लहान आहेत. त्यांच्यावर वीजघर नाही. पण नियम तोच. पाऊस आत गेला तरच झरा बाहेर येतो.

मुलुंड-घाटकोपरच्या अंगाने पाण्याचे मोठाले नळ गेलेले आपण रोज बघतो. त्यांत तानसाचे नळ आहेत. तानसाचं धरण १८९२ साली पुरं झालं. याच तानसा नदीच्या काठी, धरणाच्या खालच्या अंगाला, गणेशपुरी आणि वज्रेश्वरीची कुंडं आहेत. म्हणजे आपल्या हंड्यातलं पाणी आणि कुंडातलं ऊन पाणी हे एकाच खोऽ्यातल्या पावसाचं देणं आहे. त्या खोऱ्यातले डोंगर उघडे झाले, माती धुऊन गेली, तर पाऊस मुरणार नाही, वाहून जाईल. झऱ्याच्या अंगाशीच खोल बोअर मारून पाणी उपसलं, तर झऱ्याचं पाणी तिकडे ओढलं जाईल. आज उपसा केला म्हणून उद्याच कुंड आटेल असं नाही. खालची वाट लांबची आहे. पण उशिरा कळलेलं दुखणं बरं करायलाही उशीर लागतो.

कुंडावर गेलात तर एवढं पाळा. साबण, निर्माल्य, कपडे पाण्यात टाकू नका. अंघोळीचं पाणी पिऊ नका. आधी पाय घालून ऊन किती ते बघा. लहान मुलं, म्हातारी माणसं, रक्तदाबाची किंवा हृदयाची दुखणी असलेली माणसं यांनी फार वेळ पाण्यात बसू नये.

आणि घरी? आपल्या चाळीचं, सोसायटीचं पावसाचं पाणी गटारात घालवण्यापेक्षा स्वच्छ करून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडता येतं का, हे सभेत विचारा. विहिरीतून आपण रोज घेतो. पावसाळ्यात तिला थोडं परत द्यायला काय हरकत आहे?

वाचून झाल्यावर वर्गात बोला

१. कुंडातल्या बुडबुड्यांना उकळी का म्हणू नये?
२. पावसाबरोबर खाली गेलेला प्राणवायू कुठे जातो?
३. कुणी टाकीत कोसळला तर पहिलं काम कोणतं?
४. द गीझर्स इथे पाणी परत सोडल्यावर वाफेत काय फरक पडला?
५. तुमच्या वस्तीत पावसाचं पाणी कुठे मुरतं आणि कुठे वाया जातं? आज घरी जाताना बघून या.